दप्तराची राखण



हिंगोलीहून वाशीमकडे निघाले म्हणजे जिल्ह्याची हद्द संपता संपता कनेरगाव नाका लागतो. अलीकडे मराठवाडा, पलीकडे वऱ्हाड. एके काळी अलीकडचा मुलूख निजामाचा होता, पलीकडचा वऱ्हाड प्रांताचा. निजामाचे राज्य १९४८ साली गेले, १९५६ साली मराठवाडा आणि वऱ्हाड दोन्ही एकाच राज्यात आले. तरी गावाच्या नावातला नाका काही गेला नाही. नाका म्हणजे काय हे आपणांस सांगावयास नको. गाडी येते, थांबते. कोणी तरी तीत काय आहे ते पाहतो, मोजतो, वहीत लिहितो आणि मग गाडी पुढे जाते. नाका माल तयार करीत नाही, की विकीत नाही. किती आले आणि किती गेले, एवढेच तो जाणतो. पण तेवढे जाणणारा कोणी नसला, तर मुलखात काय उरले आणि काय हरवले ह्याचा पत्ता लागत नाही.

आज मला अशाच एका नाक्याविषयी बोलावयाचे आहे. हा नाका रस्त्यावर नाही, संगणकाच्या कोठारात आहे.

तुम्ही म्हणाल, संगणकाच्या कोठाराशी आम्हां शेतकऱ्यांचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो पोटापाण्याचा आहे. पीककर्जासाठी सातबारा लागतो. तुम्ही नाक्यावरच्या सेवा केंद्रात जाता, गट नंबर सांगता, १५ रुपये शासकीय फी भरता आणि डिजिटल सहीचा सातबारा हातात पडतो. १ मे २०१८ पासून राज्यात हे सुरू झाले. राज्यात असे सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत. कागद हातात आला की आपले काम झाले असे आपणांस वाटते. पण मंडळी, तो कागद म्हणजे दप्तर नव्हे. तो दप्तरातला नुसता उतारा! मूळ दप्तर कुठे आहे? ते आता तलाठ्याच्या कपाटात नाही, तहसिलीच्या माळ्यावरही नाही. ते दूर शहरात, थंड हवेच्या खोलीत, लोखंडी कपाटात बसवलेल्या शेकडो डिस्कांवर आहे. त्या दप्तराची राखण कोण करतो, कशी करतो, हे विचारण्याचा आपला हक्क आहे की नाही?

पूर्वीचे दप्तर डोळ्यांना दिसत असे. तांबड्या कापडात बांधलेले बस्ते, त्यांत मोडीतले आणि उर्दूतले कागद. मराठवाड्यात १९५४-५५ सालचे खासरा पत्रक अजूनही जमिनीच्या वादात काढून पाहावे लागते. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधावयास घेतल्या, तेव्हा निजामकाळातले जुने कागद आणि शाळांची जुनी रजिस्टरे पुन्हा उघडली गेली. सत्तर-ऐंशी वर्षे ज्यांच्याकडे कोणी फिरकले नाही, त्या कागदांवर एकाएकी माणसांची भवितव्ये येऊन टेकली. ज्या गावचा कागद शाबूत राहिला त्या गावचे लोक सुखी. जिथे वाळवीने खाल्ला, तिथे काय उरले? कागदाला शत्रू चार: वाळवी, उंदीर, पाणी आणि आग. चारही शत्रू डोळ्यांना दिसतात. बस्ता सोडला की भोक दिसते.

संगणकातल्या दप्तराचे तसे नाही. तिथे वाळवी लागली तरी बाहेरून कपाट तसेच चकचकीत दिसते, दिवे तसेच हिरवे लुकलुकतात. म्हणून तिथे राखणदार अधिक सावध हवा.

आता हे कोठार असते तरी कसे, ते पाहू.

पूर्वी प्रत्येक घरी धान्याची आपापली सोय असे. कोणाचे पेव, कोणाचे बळद, कोणाची कणगी. एकाचे पेव ओसंडे आणि शेजाऱ्याचे रिकामे राही. पुढे १९५७ साली राज्य वखार महामंडळ निघाले. सोयाबीन, तूर, हळद एका मोठ्या गोदामात ठेवा, पावती घ्या, लागेल तेव्हा काढा. संगणकातही हाच प्रवास झाला. आधी प्रत्येक संगणकाची डिस्क त्याच्या पोटात असे. मग असे ठरले की सगळ्या डिस्का एका मोठ्या वखारीत एकत्र ठेवाव्या आणि कामे करणारे संगणक, म्हणजे सर्व्हर, त्या वखारीला स्वतंत्र रस्त्याने जोडावे. हा रस्ता बहुधा काचेच्या बारीक तंतूंचा असतो. त्यावरून साठ्याचीच ये-जा होते, इतर रहदारी नाही. ह्या सबंध व्यवस्थेला स्टोरेज एरिया नेटवर्क म्हणतात. जाणकार मंडळी थोडक्यात 'सॅन' म्हणतात. आपण तिला वखारच म्हणू.

वखारीत कप्पे असतात. हा कप्पा ह्या खात्याचा, तो त्या खात्याचा. अशा एका कप्प्याला व्हॉल्यूम म्हणतात. मौज अशी, की ज्या सर्व्हरला तो कप्पा दिला, त्याला ती आपलीच घरची डिस्क वाटते. वखार आपल्याहून वेगळी आहे, दूर आहे, हे त्याला ठाऊकही नसते.

इथे पहिली मेख आहे. समजा, वखारीत ६०० पोत्यांची जागा आहे. दहा खाती आली. प्रत्येकाला १०० पोत्यांचा कप्पा लिहून दिला. कागदावर १,००० पोती झाली! पण आज सगळ्यांची मिळून ४०० पोतीच आहेत, म्हणून कोणाचे काही अडत नाही. जो जसजसे भरील तसतशी त्याला जागा द्यावयाची. ह्यात लबाडी नाही, बरं का. जागा वाया जाऊ नये म्हणून जाणून-बुजून केलेली ही काटकसर आहे. पण सुगीच्या दिवसांत दहाही खात्यांच्या गाड्या एकदम दारात उभ्या राहिल्या तर? प्रत्येकाची पावती खरी, आणि जागा मात्र नाही. तेव्हा अशा वखारीत कप्प्याकप्प्याचा हिशेब पाहून भागत नाही. सगळ्या वखारीचा मिळून हिशेब रोज पाहावा लागतो.

आता स्नॅपशॉट म्हणजे काय ते सांगतो. स्नॅपशॉट म्हणजे सरळ मराठीत क्षणचित्र. रात्री दहा वाजता दप्तर जसे होते तसे टिपून ठेवणे. कोणी म्हणेल, म्हणजे सगळ्या दप्तराची नक्कल करावयाची? तसे नव्हे. एवढी मोठी नक्कल रोज करावयास वेळही नाही आणि जागाही नाही. ह्याची युक्ती आपल्या तलाठ्याच्या जुन्या रीतीत आहे. जमीन विकली गेली म्हणजे तलाठी जुन्या मालकाचे नाव खोडून टाकीत नसे. त्या नावाला कंस करी, नवे नाव खाली लिही आणि शेजारी फेरफाराचा नंबर टाकी. जुने नाव कंसात वाचता येते, आणि फेरफार नंबरावरून ते कधी गेले व का गेले तेही कळते. जुने पुसावयाचे नाही; जपून ठेवावयाचे आणि मग नवे लिहावयाचे.

स्नॅपशॉटाच्या एका प्रचलित रीतीत नेमके हेच होते. सोमवारी रात्री क्षणचित्र घेतले. दप्तराची पाने समजा १,०००. त्या वेळी एकाही पानाची नक्कल होत नाही. फक्त 'ह्या क्षणाची पाने जपावयाची' अशी खूण होते. मंगळवारी १२ पानांवर फेरफार झाले. प्रत्येक पान बदलण्यापूर्वी त्याचे जुने रूप राखीव जागेत नेऊन ठेवले जाते आणि मगच नवे लिहिले जाते. उद्या कोणी म्हणाले की मला सोमवारचे दप्तर दाखवा, तर ९८८ पाने आजचीच आणि १२ पाने राखीव जागेतली, अशी जोडून सोमवारचे दप्तर जसेच्या तसे उभे राहते. १,००० पानांच्या दप्तराला १२ पानांत राखले. आहे की नाही युक्ती?

शिक्षक मित्रहो, आता एक गणित घ्या. वर्गातही घालता येईल. रोज १२ पाने बदलतात, रोज रात्री क्षणचित्र घ्यावयाचे, आणि राखीव जागा ५०० पानांची. किती रात्री पुरेल? साधारण ४१. पण पंचविसाव्या दिवसानंतर वरून हुकूम आला की सगळ्या गावाचे उतारे नव्या नमुन्यात घ्या, आणि एका दिवसात ६०० पाने बदलली. तोवरची ३०० आणि ही ६००, मिळून झाली ९००. जागा ५००. म्हणजे ४१ रात्री पुरणारी जागा एका दुपारीच संपली! मग काय होते? वखारीच्या नियमाप्रमाणे एक तर जुनी क्षणचित्रे आपोआप टाकून दिली जातात, नाही तर नवी घेणे थांबते, आणि काही ठिकाणी तर मूळ दप्तरात लिहिणेच बंद पडते. तिन्ही गोष्टी वाईट. त्यांतही पहिल्या दोन अधिक घातक, कारण त्या गुपचूप होतात.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना चकवते. जागा कमी पडली म्हणून माणूस जुन्या फायली पुसतो. पुसल्या, तरी वखारीत जागा मोकळी होत नाही. असे का? कारण जुन्या क्षणचित्राने त्या जपून ठेवलेल्या असतात. जपणे हेच तर त्याचे काम! सहा महिन्यांपूर्वी कोणी तरी 'दोन दिवसांपुरते' म्हणून घेतलेले आणि विसरलेले क्षणचित्र कोपऱ्यात बसून जागा खात असते. घरी नाही का, पाहुण्यासाठी काढलेली खाट वर्षभर ओसरीत पडून राहते, तसेच.

मंडळी, ही माहिती मला पुस्तकाने शिकवली. पण तिची किंमत एका माणसाने शिकवली. ती गोष्ट सांगतो. ह्यात चूक माझीही आहे, म्हणून कार्यालयाचे नाव घेत नाही.

एका ठिकाणी कर्जखात्यांचे दप्तर संगणकात होते आणि त्या साठ्याची देखरेख माझ्याकडे होती. दररोज रात्री क्षणचित्र घेतले जाई. आठवड्यातून एकदा त्या क्षणचित्रावरून एक प्रत काढून दुसऱ्या इमारतीत नेली जाई. व्यवस्था कागदावर चोख होती. यंत्र रोज मला निरोप पाठवी, एक नव्हे, चाळीस चाळीस. हे ठीक, ते ठीक, इकडे थोडे गरम झाले, तिकडे जरा मंद झाले. पहिले काही महिने मी सगळे वाचले. मग त्यांना एका बाजूच्या कप्प्यात टाकावयास लागलो. सवड मिळेल तेव्हा पाहू, असे म्हणून. त्या चाळिसांत एक निरोप होता की राखीव जागा भरली, आजचे क्षणचित्र घेतले नाही. दुसऱ्या रात्री तोच. तिसऱ्या रात्री तोच.

एकोणीस रात्री गेल्या. मग एका कारकुनाच्या हातून चुकीची आज्ञा दिली गेली आणि चालू खात्यांवर जुन्या नोंदी बसल्या. तो बिचारा घाबरून माझ्याकडे आला. मी मोठ्या धीराने म्हणालो, काळजी करू नका, कालचे क्षणचित्र आहे. पाहतो तो सगळ्यांत अलीकडचे एकोणीस दिवसांपूर्वीचे! मनात म्हटले, दुसऱ्या इमारतीत प्रत आहे. पण ती प्रतही क्षणचित्रावरूनच निघत होती. मूळच शिळे, तर प्रत ताजी कुठून असणार?

दिवस मृगाचे होते. त्या एकोणीस दिवसांत ज्यांनी कर्ज फेडले त्यांच्या खात्यावर पुन्हा बाकी दिसू लागली. एक म्हातारे शेतकरी आले. नव्या कर्जासाठी गेले तर 'आधीचे फेडा' असे उत्तर मिळाले म्हणाले. त्यांनी रागाचा एक शब्द काढला नाही. धोतराच्या सोग्यातून घडी घातलेली पावती काढून माझ्यापुढे ठेवली आणि एवढेच म्हणाले, "साहेब, माझ्या पत्र्याच्या पेटीत होती म्हणून बरं. तुमच्या पेटीत काय झालं?" त्यांचे काम त्या दिवशी झाले. पण ज्यांनी पावती जपली नव्हती त्यांना महिनाभर खेटे घालावे लागले. काहींची पेरणी उसनवारीच्या बियाण्यावर झाली. निरोप आला नव्हता असे मी म्हणू शकत नाही. निरोप आला होता. तो मी वाचला नाही.

हे फक्त आपल्याकडेच होते असे समजू नका. गिटलॅब नावाची एक मोठी कंपनी आहे. जगभरचे प्रोग्रामर आपले काम तिच्या कोठारात ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री दमलेल्या एका अभियंत्याने चुकून दुसऱ्याच संगणकावर आज्ञा दिली आणि चालू दप्तरातले सुमारे ३०० जीबी पुसले गेले. कंपनीकडे राखणीच्या पाच रीती होत्या. पाहू गेले तर एकही धड निघाली नाही. रोजची प्रत काढणारी आज्ञा कित्येक दिवस फसत होती. फसल्याचा निरोप टपालाने जावयाचा, पण तो टपालव्यवस्थेने वाटेतच नाकारला होता. मग वाचवले कशाने? त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी चाचणीच्या दुसऱ्या कामासाठी सहज म्हणून एक स्नॅपशॉट घेतला होता, त्याने! त्यावरून दप्तर परत उभे करावयास सुमारे अठरा तास लागले, आणि मधल्या सहा तासांतल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. कंपनीने हे सारे लपवले नाही. काय चुकले ते जगापुढे छापून मांडले, म्हणून आज मी ते तुम्हांला सांगू शकतो. आपल्या चुकांचा असा उघड हिशेब देणे ही देखील राखणीचीच एक रीत आहे.

आता दुसरा धोका. क्षणचित्र चांगले, पण ते राहते त्याच वखारीत. वखारीलाच आग लागली तर? २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावर पेटली आणि वरच्या मजल्यांवर चढली. पाच माणसे दगावली, असंख्य फायली जळाल्या. त्यांतल्या कितीक फायली नंतर इतरत्र असलेल्या प्रतींवरून पुन्हा जुळवाव्या लागल्या. आणखी अलीकडचे घ्या. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील दैजॉन शहरी सरकारी संगणक-कोठारात बॅटऱ्यांना आग लागली. शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या. तिथे सरकारी नोकरांच्या फायलींचे एक सामाईक कोठार होते. त्यातले ८५८ टेराबाइट साहित्य जळून गेले. त्याची प्रत दुसरीकडे नव्हती. कोठार फार मोठे, म्हणून प्रत ठेवली नव्हती! इतका पुढारलेला देश, पण पुढारलेपण आगीला विचारीत नाही. म्हणून ध्यानात ठेवा: क्षणचित्र हे चुकीवरचे औषध आहे; आगीवरचे औषध म्हणजे दुसऱ्या गावी ठेवलेली प्रत. एक आहे म्हणून दुसरे टाळू नये.

तर मग चांगल्या नाकेदाराने रोज काय पाहावे? माझ्या अनुभवाने पाच प्रश्न सांगतो.

पहिला प्रश्न: वखार किती भरली, आणि रोज किती भरते? नुसता पहिला आकडा पुरत नाही. आपल्याकडे सिद्धेश्वर धरण आहे, इसापूरचे धरण आहे. पावसाळ्यात अभियंता पट्टीवर पातळी वाचतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. वरून पाणी किती वेगाने येते आहे तेही पाहतो. दोन्ही मिळून दरवाजे कधी उघडावयाचे ते ठरते. तसेच इथे. १,००० जीबीचा कप्पा, ८२० भरला, रोज ६ वाढतात. उरले १८०, म्हणजे ३० दिवस. नवी डिस्क मागवून यावयास २१ दिवस लागत असतील, तर हाताशी दिवस उरले फक्त नऊ. मग 'अजून १८ टक्के मोकळे आहे' असे म्हणून निजता येईल का?

दुसरा प्रश्न: सगळ्यांत ताजे क्षणचित्र किती वेळापूर्वीचे आहे? 'घेण्याची व्यवस्था आहे का' असे विचारू नये. व्यवस्था माझ्याकडेही होती. 'शेवटचे कधी घेतले गेले' असे विचारावे.

तिसरा: सगळ्यांत जुने क्षणचित्र कोणते, ते कोणी ठेवले, आणि किती जागा खाते? ओसरीतल्या खाटेचा हा हिशेब.

चौथा: वखारीचे रस्ते आणि भिंती धड आहेत का? चांगल्या वखारीला रस्ते दोन असतात. एक बंद पडला तर दुसऱ्याने काम चालते. डिस्कांचेही तसेच, एक मेली तर बाकीच्या तिचे ओझे उचलतात. ही सोय मोठी, पण तिच्यातच दगा आहे. काम अडत नाही म्हणून एक रस्ता बंद आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही, आणि मग दुसरा बंद पडतो त्या दिवशी सगळे ठप्प. बैलगाडीचा एक बैल लंगडत असला तर गाडी चालते म्हणून गाडीवान गप्प बसतो काय?

पाचवा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: क्षणचित्रावरून दप्तर परत उभे करून शेवटचे कधी पाहिले? बियाणे पेरण्यापूर्वी आपण ओल्या पोत्यात शंभर दाणे गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. पोते भरलेले आहे म्हणजे बियाणे आहे असे आपण धरीत नाही. उगवले तर बियाणे, नाही तर नुसते दाणे. तीच कसोटी इथे लावावी. उभे करून पाहताना हेही तपासावे की सर्व भाग एकाच क्षणीचे आहेत ना. सातबारा रात्री दहाचा आणि आठ-अ साडेदहाचा असला, तर मधल्या अर्ध्या तासात झालेला फेरफार एकीकडे दिसेल, दुसरीकडे दिसणार नाही. असे दप्तर भांडणे मिटवीत नाही, उलट लावून देते.

आणि ह्या पाचांच्या वर एक गोष्ट. रात्रीची गस्त घालणारा दर प्रहराला हाक देतो. हाक ऐकू आली की घरातला माणूस कूस बदलून निजतो. पण हाक आलीच नाही, तर शहाणा माणूस उठून बसतो. संगणकाच्या राखणीत आपण उलटे करतो. निरोप आला नाही, म्हणजे सगळे ठीक असे धरतो. गिटलॅबचे तेच झाले. म्हणून रोज एकच निरोप यावा, थोडक्यात यावा, आणि तो आला नाही तर त्या न येण्याचीच बोंब व्हावी. चाळीस निरोपांनी माणूस जागा राहत नाही, बहिरा होतो. हे मी स्वतःवरून सांगतो.

मंडळी, आता आपल्या घराकडे वळू. वखारीची राखण तिथले अधिकारी करतील. पण आपले क्षणचित्र आपण घेऊ शकतो. वर्षातून एकदा, समजा पेरणीपूर्वी, आपला सातबारा आणि आठ-अ काढा. नुसता काढून ठेवू नका, वाचा. नावे बरोबर आहेत का, क्षेत्र बरोबर आहे का, फेडलेल्या कर्जाचा बोजा उतरला आहे का, हे गेल्या वर्षीच्या कागदाशी ताडून पाहा. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीला पंधरा दिवस असतात. त्या दिवसांत जागे राहा. कर्ज भरल्याची पावती पत्र्याच्या पेटीत ठेवा आणि तिचा फोटो मुलाच्या किंवा मुलीच्या फोनमध्येही ठेवा. एक घरात, एक घराबाहेर.

शिक्षक मित्रांना वेगळे सांगावयास नको. तुमच्या कपाटातले दाखल-खारीज रजिस्टर म्हणजे गावाचे जन्मदप्तर आहे. त्याची पाने नीट प्रकाशात टिपून घ्या. जाणकारांचा एक साधा नियम आहे: प्रती तीन, त्या दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. मूळ रजिस्टर कपाटात, एक प्रत शाळेच्या संगणकात, एक केंद्रशाळेत किंवा तालुक्याला. दर सहामाहीला ती प्रत उघडून कोणतेही पान वाचून पाहा. उघडली नाही, तर ती प्रत नाही असेच समजा. मुलांची खाजगी माहिती कोणाच्याही हाती जाणार नाही हेही पाहा. राखण म्हणजे हरवू न देणे, तशीच ती नको त्या हाती जाऊ न देणेही होय.

कनेरगावच्या नाक्यावर आता मालाच्या गाड्या मोजावयास कोणी उभा नसतो. मराठवाडा-वऱ्हाडाच्या गाड्या सरळ निघून जातात, आणि ते चांगलेच आहे. पण आपल्या जमिनीचे, कर्जाचे, शाळेचे दप्तर ज्या अदृश्य रस्त्याने रोज ये-जा करते, त्या रस्त्यावर मोजणारा आणि पाहणारा माणूस हवाच. यंत्र मोजील, यंत्र लिहीलही. लिहिलेले वाचावयास मात्र माणूस लागतो. त्या म्हाताऱ्या बाबांच्या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून मी रोज सकाळी चहापूर्वी पहिले काम तेच करतो. पाच आकडे पाहतो, वहीत लिहितो, कालच्याशी ताडून पाहतो. दहा मिनिटे लागतात.

तुमच्या पेटीचे तुम्ही पाहा, मंडळी. आमच्या पेटीचे आम्ही पाहतो. आणि आम्ही पाहतो की नाही, हे अधूनमधून विचारीत जा.